रंग मोकळे सोडायचे तर आधी उजेड बांधा: कोल्हापुरात बसून भावनेचं, रंगीत निसर्गचित्र कसं रंगवायचं

रंकाळा तलावाच्या काठाला पॅड घेऊन बसणारी पोरंपोरी हल्ली बरीच दिसतात, लई बरं वाटतं बघून, आणि त्यातल्या बहुतेकांची अडचण एकच असते. मोठ्या चित्रकारानं आकाश केशरी केलं, पाणी जांभळं केलं, झाडं निळी केली तरी ते खरं वाटतं, आणि आपण तेच करायला गेलो की नुसता भडकपणा उरतो. मग माणूस एकतर परत हिरवं झाड निळं आकाश यावर येतो, नाहीतर अजून दोन ट्यूब पिळतो, आणि दोन्हीनं काही होत नाही. रंग मोकळे सोडायचे असतील तर चित्रातला उजेड-अंधार आधी घट्ट बांधावा लागतो, आणि तो कसा बांधायचा हे कळायला त्या जागेपाशी नीट बसावं लागतं, आपल्याकडं ज्याला साधना म्हणतात तसं. खाली सगळं पायरीपायरीनं लिहितोय, ॲक्रिलिक धरून, कारण सुरुवातीला तेच सोयीचं पडतं, पण ऑइल आणि पेस्टलवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

अध्यात्म चित्रात येतं कुठून

चित्रात ओम काढला, दिवा काढला, कळस काढला म्हणजे ते आध्यात्मिक झालं असं मला अजिबात वाटत नाही. व्हॅन गॉगचं बघा, पाद्र्याचा मुलगा, स्वतः १८७९ च्या सुमारास बेल्जियममधल्या खाणकामगारांच्या वस्तीत धर्मप्रचारक म्हणून राहिलेला माणूस, पण चित्रकार झाल्यावर देवाधर्माचे प्रसंग त्यानं फार कमी रंगवले. ती सगळी ओढ गेली कुठं, तर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या मागच्या भल्यामोठ्या पिवळ्या सूर्यात, आणि १८८९ च्या जूनमध्ये मनोरुग्णालयात असताना रंगवलेल्या त्या भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या रात्रीच्या आकाशात. निकोलस रोरिक हे चित्रकार रशियाचे, १८७४ चा जन्म, पण १९२८ पासून कुलूच्या खोऱ्यात नग्गरला राहिले आणि १९४७ ला तिथंच गेले. त्यांचा हिमालय टेम्परात रंगवलेला, निळ्या-जांभळ्याचे सपाट पट्टे, तपशील फारसा नाही, तरी समोर उभं राहिलं की माणूस गप्प होतो.

चित्रकार सय्यद हैदर रझांची गोष्ट तर कुठल्याही विद्यार्थ्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. १९२२ साली मध्य प्रदेशात जन्म, शाळेत लक्ष लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडं बघत बसायला लावलं. पुढं नागपूर, मुंबई, १९५० ला फ्रान्स, तिथं जाड थरांची, लालभडक आणि काळी, धगधगणारी निसर्गचित्रं, आणि मग कितीतरी वर्षांनी तोच ठिपका बिंदू होऊन चित्राच्या मधोमध आला. म्हणजे आधी एका जागी नजर ठेवायची सवय लागली, रंगांचा जाळ त्याच्या नंतरचा.

आणि एवढं लांब कशाला, आपले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान आहेतच की. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरात आले, शाहू महाराजांचा आश्रय होता, पण राहणं फकिरासारखं, कोटितीर्थाच्या काठाला, आणि रंकाळा, पंचगंगा, संध्यामठ, कोटितीर्थ हेच परत परत रंगवत राहिले, १९३१ ला जाईपर्यंत. तेच पाणी, तीच झाडी, वेळ फक्त वेगळी. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन त्यांचं काम जवळनं बघा, आणि राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे तिथंही जा. सिनेमातला एवढा मोठा नट, पण निसर्गचित्रापुढं किती नम्र होता ते तिथं दिसतं. जाताना वही न्या, आणि प्रत्येक चित्रासमोर एकच गोष्ट लिहा, सगळ्यात उजळ जागा कुठली आणि सगळ्यात काळी कुठली. बाकी काही लिहू नका.

पहिली पायरी: नुसतं बसायचं

जागा एकच निवडा आणि वेळही एकच. सकाळी पंचगंगा घाट, संध्याकाळी रंकाळा, ज्याला जे जमेल ते, पण आज इथं उद्या तिथं असं नको. पोचल्या पोचल्या ब्रश काढू नका, मोबाईल खिशात ठेवा आणि वीसेक मिनिटं बसा. ज्यांना नामस्मरणाची सवय आहे त्यांना हे सोपं जातं, बाकीच्यांनी श्वासावर लक्ष ठेवलं तरी चालतंय. डोळे मात्र उघडे पाहिजेत. पहिली पाच मिनिटं आपण वस्तू बघत असतो, हे देऊळ, ही पायरी, ही म्हैस, ते वडाचं झाड. त्यानंतर हळूहळू नावं गळायला लागतात आणि तुकडे दिसायला लागतात, एक मोठा अंधारा तुकडा, त्याला टेकलेला एक उजळ तुकडा, मधे एक निळसर पट्टी. हे दिसायला लागलं की समजायचं आता पेन्सिल उचलायला हरकत नाही.

उजेड कसा बघायचा हे शिकायला आपल्या गावात अंबाबाईच्या किरणोत्सवासारखी दुसरी शाळा नाही. देवी पश्चिमेकडं तोंड करून आहे, आणि ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात येतात, आधी चरणावर, मग वर सरकत मूर्तीच्या मध्यापर्यंत, मग मुखावर. ढग आले, हवेत धुरकटपणा आला की किरणं अर्ध्यातच थांबतात, आणि सगळं मंदिर हळहळतं. चित्रकारानं यातून घ्यायचं ते असं, की उजेडाला वाट असते, तो कुठून तरी आत येतो, कशावरून तरी सरकतो आणि कुठंतरी जाऊन पोचतो. तुमच्या चित्रात ही वाट बोटानं दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल तर अजून थोडा वेळ बसा. तिथं दर्शनालाच जायचं हं, वही काढून गर्दीत उभं राहायचं नाही, घरी आल्यावर आठवणीतनं रेखाटा, त्यानं तर जास्तच शिकायला मिळतं.

दुसरी पायरी: चार टोनचं छोटं स्केच

सगळा लेख विसरलात तरी चालेल, ही पायरी तेवढी विसरू नका. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा चौकोन आखा आणि त्यात फक्त चार टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या चार पायऱ्या वापरा, कोरा कागद, हलका राखाडी, गडद राखाडी आणि काळा. डोळे बारीक करून बघायचं म्हणजे तपशील विरघळतो आणि मोठे आकार उरतात. सहा-सातपेक्षा जास्त आकार होत असतील तर शेजारचे एकत्र करा, झाडी आणि तिच्याखालची सावली एकाच टोनची असेल तर मधली रेघ पुसूनच टाका. असे तीन-चार चौकोन करून बघा आणि लांबून बघताना जो पटकन वाचता येतो तो घ्या.

आता याचा रंगाशी संबंध काय ते सांगतो. बघणाऱ्याचा डोळा जागा, अंतर, उन्हाची दिशा हे सगळं टोनवरनं ओळखतो, रंगाचं काम वेगळं आहे, तो मनावर जातो. म्हणून टोन बरोबर असला तर झाड निळं असलं काय आणि लाल असलं काय, डोळा ते झाड मान्य करतो. टोन चुकला की अगदी खरा हिरवा लावला तरी झाड पुठ्ठ्याचं दिसतं. शिवाय प्रत्येक रंगाचा स्वतःचा एक टोन असतो. पिवळा जन्मतःच उजळ आहे, त्याला गडद करायला गेलं की तो पिवळा राहतच नाही, शेवाळी नाहीतर तपकिरी होतो. जांभळा आणि अल्ट्रामरीन निळा ट्यूबमधून निघतानाच गडद असतात. लाल मधोमध. म्हणून उन्हाच्या जागी पिवळ्याची घराणी आणि सावलीत जांभळ्या-निळ्याची घराणी ठेवली की निम्मी लढाई तिथंच जिंकली जाते, आणि हे दोघं एकमेकांचे विरोधी, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग असल्यामुळं शेजारी आले की दोघंही पेटतात.

तिसरी पायरी: एक भाव, एक राजा रंग

स्केचच्या खाली एक शब्द लिहा. शांत, उत्सुक, जड, भरून आलेलं, जे बसल्या बसल्या मनात आलं ते. शोभेचा शब्द नको, खरा पाहिजे, कारण पुढचे सगळे रंग त्यावरनं ठरणार आहेत. मग त्या शब्दाला जवळचा वाटणारा एक रंग निवडायचा, तो या चित्राचा राजा. बाकीच्यांनी त्याच्यासाठी जागा करून द्यायची. जोतिबाचा गुलाल असेल तर मॅजेंटा राजा, पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं आभाळ भरतं ते रंगवायचं असेल तर पिवळा, पावसाळ्यात पंचगंगा गढूळ होऊन पसरते तेव्हा तो मातकट तांबूस. राजा रंगानं जागा किती व्यापायची, तर कमीच, चित्राचा पाचवा हिस्सा शुद्ध, तेज रंग असला तरी पुष्कळ होतो. उरलेल्या भागात दबलेले, राखाडीकडं झुकणारे रंग ठेवायचे. तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा रस्सा असतो म्हणून तांबडा अंगावर येत नाही, तसंच आहे हे.

सामान

फार लागत नाही. ॲक्रिलिकमध्ये लेमन यलो, एक गडद पिवळा, व्हर्मिलियन, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा किंवा परमनंट रोझ, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि मोठी ट्यूब टायटॅनियम व्हाइट. काळा घेऊ नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो काळा येतो तो जिवंत असतो, आणि त्याला गरम-थंड दोन्हीकडं झुकवता येतं. हिरवासुद्धा ट्यूबमधला नको. आपल्या उसाचा हिरवा लेमन यलो, अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना यातनं निघतो, आणि हिवाळ्यात उसाला तुरा आला की वर पांढरा, थोडा मॅजेंटा आणि सिएना मिसळून तो रुपेरी गुलाबी. ब्रश चपटेच घ्या, एक इंची, अर्धा इंची आणि एक बारीक. कॅनव्हास पॅड दहा बाय बाराचं बास झालं.

एप्रिल-मेच्या उन्हात ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं, तेव्हा स्टीलच्या उथळ डब्यात ओला कपडा घडी करून ठेवा, वर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढा, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. स्प्रेची बाटली जवळ ठेवाच. आणखी एक, ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, वॉटरकलर उलटं हलकं होतं, म्हणून उजळ जागा मिसळताना एक पाऊल उजळ मिसळायची.

चौथी पायरी: ग्राउंड, म्हणजे चित्राखालचा पहिला थर

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरू केलं की प्रत्येक रंग गडद वाटतो आणि हात भितो. म्हणून आदल्या दिवशी घरीच राजा रंगाच्या विरोधी बाजूचा, किंवा बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश देऊन ठेवा, मध्यम टोनचा. रंगवताना स्ट्रोकच्या फटीतनं तो डोकावतो आणि सगळं चित्र एका सुरात बांधतो.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष रंगवणं, जोतिबाचं उदाहरण

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत ईझल लावायचा विचारसुद्धा करू नका, तेव्हा माणसांची रीघ असते, सासनकाठ्या नाचत असतात, वाट अडवणं बरं नव्हे. यात्रेनंतर एखाद्या साध्या दिवशी सकाळी जा. गुलाल तेव्हाही सगळीकडं असतो, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, दगडाच्या भेगांत, दुकानांच्या फळ्यांवर, आणि काळ्या दगडावर बसलेला तो गुलाबी रंग बघितला की कुणाचाही हात शिवशिवेल. दर्शन घ्या, मग कडेची, कुणाच्या पायात न येणारी जागा बघा.

ग्राउंड बर्न्ट सिएनाचं आहे असं धरू. पातळ अल्ट्रामरीननं मोठे आकार मांडून घ्या, शिखर, गल्लीची सावली, उन्हातली जमीन, मागचं खोरं, आकाश, एवढेच. पहिल्यांदा सगळ्यात गडद जागा भरायची, शिखराची सावलीची बाजू आणि भिंतींचा तळ, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि बरासा मॅजेंटा मिसळून. काळा दगड आता काळपट जांभळा झाला, पण टोन तोच ठेवलाय म्हणून तो दगडच वाटेल. रंग पातळच ठेवा, गडद जागा पातळ आणि उजेड जाड हा जुना नियम इथं फार कामाला येतो.

आता गुलाल. इथं खरी गंमत आहे आणि इथंच बहुतेकांचं चित्र अडकतं. तुमच्या मोबाईलमध्ये त्या दगडाचा आणि गुलालाचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, सावलीतला गुलाल आणि दगड जवळपास एकाच राखाडीत जातात. म्हणजे सावलीत गुलाल वेगळा दिसतो तो टोननं नव्हे, निव्वळ रंगानं. म्हणून तिथं पांढरा घालून तो उठवायला जायचं नाही, मॅजेंटात थोडा अल्ट्रामरीन घालायचा, दगडाच्याच टोनचा ठेवायचा आणि कडा धूसर सोडायच्या. उन्हातल्या गुलालाला मात्र पांढरा लागतो, पण नुसत्या पांढऱ्यानं तो थंड, खडूसारखा गुलाबी होतो, त्यात व्हर्मिलियनचा एक ठिपका टाकला की ऊन चढतं. हा उन्हातला गुलाल जाड लावा, चपट्या ब्रशनं, एका जागी दोनदा हात न फिरवता. उजेडाची वाट आठवा, जमिनीवरून पायरीवर, पायरीवरून शिखराच्या कडेला, आणि जाड रंग फक्त त्या वाटेवर.

आकाश निळं करायचं नाही. मॅजेंटाचा विरोधी रंग हिरवा, म्हणून आकाशाला पांढरा, लेमन यलो आणि थॅलो ब्लूचा अगदी कण घेऊन फिकट हिरवट राखाडी द्या, बघा गुलाल कसा पुढं येतो. थॅलो फार जोरकस आहे, जपून घ्या. मागच्या खोऱ्यातले हिरवे मॅजेंटा घालूनच दाबायचे, म्हणजे ते लांब जातात, आणि राजा रंग सगळीकडं थोडा थोडा मुरतो. माणसं असली तर चेहरे काढत बसू नका, फेट्याचा एक पांढरा ठिपका, सदऱ्याचा एक स्ट्रोक, खाली सावली. सासनकाठी दिसलीच तर एक उभी रेघ, खांद्यातून हात हलवून, एका दमात.

रंकाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण रीत तीच आहे. संध्याकाळी चौपाटीवरनं मावळतीकडं बघितलं की शालिनी पॅलेस आणि आजूबाजूची झाडी एकच गडद पट्टा होते, तो एकत्रच ठेवा, खिडक्या मोजू नका. पाण्यातलं प्रतिबिंब आधी उभ्या स्ट्रोकनं ओढा आणि मग दोन-चारच आडव्या रेघा. गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं उजळ असतं आणि उजळ आकाशाचं थोडं गडद, एवढं सांभाळलं की पाणी केशरी करा नाहीतर जांभळं, ते पाणीच राहतं. सूर्याचा गोळा बहुतेक वेळा न काढलेलाच बरा, त्याच्या भोवतीची ऊब जास्त बोलते.

थांबायचं कधी

दर दहा-पंधरा मिनिटांनी दहा पावलं मागं जा, फोटो काढा, ब्लॅक अँड व्हाइट करा आणि सुरुवातीच्या चार टोनच्या स्केचशेजारी धरा. दोन्ही जुळत असतील तर रंग कितीही धीट असूदेत, घाबरू नका. जुळत नसतील तर रंग बदलायची गरज नाही, तोच रंग उजळ किंवा गडद करा. मग स्केचखाली लिहिलेला शब्द वाचा आणि चित्राकडं बघा. शब्द चित्रात दिसत असेल तर ब्रश धुवून टाका, मग कुठं एखादा कोपरा कोरा राहिला असला तरी राहूदे. ग्राउंड दिसणाऱ्या जागा भरून टाकायचा मोह सगळ्यात मोठा असतो, आणि त्यातच चित्राचा श्वास जातो.

टिकवायचं कसं

बरेच जण हौसेनं खरा गुलाल, भंडारा रंगात कालवतात. भावना मला कळते, पण हळदीचा रंग उजेडात उडतो, आणि बाजारातल्या गुलालाचाही भरवसा नाही. अगदीच वाटलं तर चित्राच्या मागच्या बाजूला बोटभर लावा, पुढं ट्यूबचाच रंग. ट्यूबवर सुद्धा टिकाऊपणाची खूण बघून घ्या, विशेषतः गुलाबी आणि किरमिजी रंगांच्या बाबतीत. व्हॅन गॉगनं त्याच्या झोपायच्या खोलीच्या भिंती जांभळट रंगवल्या होत्या, त्यातला लाल उडून गेला आणि आज जगाला त्या निळ्या दिसतात. ॲक्रिलिकचं चित्र आठवडाभर नीट वाळू द्या आणि मग व्हार्निशचे दोन पातळ हात द्या, पावसाळ्यात नको, आपल्याकडच्या दमट हवेत व्हार्निशवर पांढुरकी झाक धरते. भिंतीवर लावताना समोरून थेट ऊन येत नाही ना बघा, आणि मागच्या बाजूला जागा, तारीख, वेळ आणि तो एक शब्द लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच वेळेला जाऊन दुसरं चित्र करता येईल आणि दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.